स्कॉटलंडचा दक्षिण कोपरा: लँगहोम, एस्कचं खोरं आणि टेकडीवरचा माल्कम

चाफा
स्कॉटलंड फिरून आलेल्यांचे धागे इथे बरेच आहेत, पण बहुतेकांचा रस्ता ठरलेला असतो. एडिंबराचा किल्ला, मग ग्लेनको, मग स्काय, वेळ असेल तर लॉख नेस आणि परत. त्यात वाईट काहीच नाही, ग्लेनको तर बघायलाच हवं. पण इंग्लंडमधून गाडीने वर जाताना हद्द ओलांडल्यावर जो भाग लागतो आणि ज्यातून सगळे थेट ग्लासगोकडे सुसाट निघून जातात, त्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा.

मी कार्लाइलला राहते. इथून उत्तरेला ए-७ रस्ता धरला की साधारण अर्ध्या तासात लँगहोम येतं (तिथली माणसं लँगम म्हणतात). वस्ती दोनेक हजारांची. एस्क, यूज आणि वॉकोप या तीन नद्या इथे मिळतात आणि गाव त्यांच्या बेचक्यात बसलंय. हायलँड्ससारखे काळेकभिन्न कडे इकडे नाहीत, गोल माथ्याच्या टेकड्या आहेत, पाऊस सरताना मावळातल्या टेकड्या दिसतात तशा हिरव्या, आणि ऑगस्टमध्ये हेदर फुललं की माथे जांभळे होतात. घरं करड्या दगडाची, गल्ल्या अरुंद, एक गल्ली तर टेकडीवर इतकी सरळ चढते की चालताना दम लागतो.

इथे राजेरजवाडे नव्हते, गुरं पळवणारी घराणी होती. सोळाव्या शतकापर्यंत स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या हद्दीवरचा हा सगळा टापू रीव्हर लोकांचा, म्हणजे गुरं लुटणाऱ्या धाडखोरांचा. आर्मस्ट्राँग, इलियट, ग्रॅहम, स्कॉट ही मोठी घराणी. हिवाळ्याच्या लांब रात्री घोड्यावरून जायचं, दुसऱ्याची गुरं हाकत आणायची, त्याने उलट धाड घातली की दगडी मनोऱ्यात कोंडून घ्यायचं. एस्क आणि सार्क नद्यांच्या मधल्या पट्ट्यावर तर दोन्ही राज्यं हक्क सांगायची म्हणून तिथे कुणाचाच कायदा चालायचा नाही, त्याला नावच वादग्रस्त मुलूख असं होतं, शेवटी १५५२ मध्ये फ्रेंच वकिलाला मध्यस्थ घालून मधोमध मातीचा बांध घातला आणि वाटणी केली. लँगहोमच्या खाली एस्कच्या काठी गिलनॉकीचा मनोरा आहे तो आर्मस्ट्राँगांचा. आत शिरल्यावर एकावेळी एकच माणूस चढेल असा गोल जिना, खाली धान्य-सामान ठेवायची घुमटाकार खोली, आणि वर छपराच्या टोकाला दगडात केलेली जाळ पेटवायची जागा. धाड येतेय हे एका मनोऱ्याने दुसऱ्याला कळवायचं ते असं. या घराण्यातल्या जॉनी आर्मस्ट्राँगला १५३० मध्ये राजा पाचव्या जेम्सने भेटीला बोलावलं आणि माणसांसकट फासावर चढवलं. पुढे १६०३ ला दोन्ही देशांचा राजा एकच झाला, हद्दीचा आडोसा उरला नाही आणि हा धंदाही मोडून काढला गेला.

मग उरली मेंढरं. आणि मला सगळ्यात जास्त ओढ या नंतरच्या काळाची वाटते, कारण या मेंढपाळांच्या खोऱ्यातून निघालेली माणसं कुठल्या कुठे पोचली. थॉमस टेलफर्ड, ज्याने मेनाय सामुद्रधुनीवरचा झुलता पूल आणि कॅलेडोनियन कालवा बांधला, तो १७५७ मध्ये इथून वरच्या अंगाला ग्लेनडिनिंगला मेंढपाळाच्या घरात जन्मला आणि काही महिन्यांतच बाप गेला. लँगहोममध्ये पाथरवटाच्या हाताखाली शिकला. गावातल्या एस्कवरच्या पुलाच्या कामावर तो होता. त्या पुलाची एक गोष्ट सांगतात, मोठा पूर आला तेव्हा मालक पाथरवट गावाबाहेर होता, पूल अमुक वर्षं टिकवायची हमी त्याने दिलेली, तेव्हा त्याची बायको धावत जाऊन पुलाला पाठ लावून उभी राहिली आणि टेलफर्डला पण ढकलायला बोलवत होती. पूल अजून उभा आहे, गाड्या जातात.

आणि त्याच खोऱ्यात, बर्नफूट नावाच्या शेतावर, १७६९ ला जॉन माल्कम जन्मला. हो, तोच. महिदपूरच्या लढाईतला, दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीचा, मुंबईचा गव्हर्नर आणि महाबळेश्वरच्या माल्कम पेठेतला. लँगहोमच्या वर व्हिटा नावाची टेकडी आहे, तिच्या माथ्यावर त्याच्या नावाचा शंभर फूट उंच दगडी स्तंभ आहे, पायाचा दगड १८३५ चा. गावात कुठूनही मान वर केली की तो दिसतो. वर गेलं की दक्षिणेला सॉल्वेची खाडी आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे इंग्लंडमधले लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर. मराठी माणसाने इथे यावं असं मला वाटतं त्याचं हे मोठं कारण. आपल्या १८१८ चा एक धागा या टेकडीला येऊन बांधलेला आहे.

मेतकूट
वाखु (वाचनखूण) साठवली. मस्त लिहिलंय. एक विचारायचं होतं, पुढच्या जूनमध्ये आईबाबा येतायत, दोघं सत्तरीच्या पुढचे आणि आम्ही गाडी चालवणार नाही. लंडनहून जमण्यासारखं आहे का?

वाईकर
चाफाताई, छान धागा. आमच्याकडची बाजू सांगतो. माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता, आणि महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवायचं त्याने मनावर घेतलं. तो डोंगर तेव्हा साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या राज्यात. १८२९ मध्ये करार झाला, महाराजांनी ही जागा दिली आणि बदल्यात वाई तालुक्यातलं खंडाळा घेतलं (घाटातलं पुणे-मुंबई वालं खंडाळा नव्हे, ते वेगळं). नव्या वसाहतीला माल्कम पेठ नाव महाराजांकडूनच मिळालं. जुनं क्षेत्र महाबळेश्वर, जिथे कृष्णेचं देऊळ आहे, ते यापासून चार-पाच किलोमीटरवर, आणि आपण स्ट्रॉबेरी क्रीम खातो तो बाजार म्हणजे माल्कम पेठ. आमच्या आजोबांच्या तोंडी पेठ हाच शब्द असायचा. ज्याच्या नावाने आमचा बाजार वसला त्याच्या जन्मगावचा डोंगर पहिल्यांदाच कुणीतरी वर्णन करून सांगतंय, बरं वाटलं.

गड_घाट
वर्णन आवडलं, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. माल्कमबद्दल लिहिताना तो भला माणूस होता, बाजीरावाशी सौजन्याने वागला, वर्षाला आठ लाखांची नेमणूक दिली असं नेहमी लिहिलं जातं. जून १८१८ ची परिस्थिती बघा. बाजीराव अशीरगडच्या आसपास होता, त्याच्याजवळ अजून हजारोंची फौज होती, पावसाळा तोंडावर आलेला. पावसाळ्यात त्याचा पाठलाग करणं कंपनीला किती महाग पडलं असतं हे माल्कमला नीट कळत होतं, त्याने आठ लाखांत ते युद्ध विकत घेतलं. गव्हर्नर जनरलला ती रक्कम जास्त वाटली होती, पण माल्कमचा हिशोब चोख होता. आणि १८५१ ला बाजीराव ब्रह्मावर्ताला वारला तेव्हा कंपनीने नेमणूक दत्तकपुत्राला नाकारली, तो दत्तकपुत्र म्हणजे नानासाहेब. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा त्या स्तंभापाशी उभं राहताना हे मनात असावं एवढंच म्हणणं.

चाफा
गड_घाट, पूर्ण पटलं, आणि म्हणूनच मी तिथे जाते. तो स्तंभ त्याच्या गाववाल्यांच्या नजरेतून उभा केलेला आहे, आपल्या नजरेतून नाही. पण त्या खोऱ्यात फिरल्यावर ही माणसं एवढ्या लांब का गेली ते कळतं. माल्कमच्या बापाला सतरा मुलं, दहा मुलगे आणि सात मुली, त्यात त्याचं धंद्यात दिवाळं वाजलं. खंडाने घेतलेल्या मेंढरांच्या शेतावर एवढ्यांचं कसं भागणार. मग ओळखीपाळखी लावून एकेका मुलाला आरमारात नाहीतर कंपनीत चिकटवलं. जॉन तेराचा होता तेव्हा कंपनीच्या लोकांनी त्याला विचारलं की हैदर अलीची गाठ पडली तर काय करशील, तर म्हणे तलवार उपसून मुंडकं उडवीन. घेतला लगेच. चार भावांना पुढे सर किताब मिळाला. त्यातला पल्टनी आरमारात ॲडमिरल झाला, नेपोलियन सेंट हेलेनाला कैदेत होता तेव्हा तिथल्या आरमाराचा प्रमुख हाच, त्याचा पुतळा खाली गावात आहे. एका शेतघरातून दोन भाऊ, एक बाजीरावासमोर आणि एक नेपोलियनवर पहारा. इंग्रजांचं राज्य म्हणतो आपण, पण त्याला लागणारी माणसं अशा गरीब स्कॉटिश खोऱ्यांनी पुरवली हे मला तिथे उभं राहून जास्त कळलं.

मेतकूट, तुमचं उत्तर खाली सविस्तर देते, आधी बसच्या वेळा बघून घेते.

लाल_माती
+१ गड_घाट. वाचतेय.

कुलाबा_किल्ला
मी अलिबागचा. एस्कचं खोरं म्हटल्यावर एस्कडेलम्यूर आठवलं आणि राहवलं नाही. त्याच नदीवर आणखी वर गेलं की एस्कडेलम्यूर नावाची अगदी आडबाजूची वस्ती आहे, तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. ती तिथे का गेली माहितीये? लंडनजवळ क्यू वेधशाळेत मोजमापं चालायची, पण शहरात विजेच्या ट्राम आल्या आणि सुया हलायला लागल्या. मग ट्राम कधीच पोचणार नाही अशी जागा शोधली आणि १९०८ मध्ये एस्कडेलम्यूरची वेधशाळा सुरू झाली.

आता आमच्याकडे बघा. कुलाब्याला मुंबईत १८४१ पासून चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. १९०४ ला अलिबागला काम सुरू झालं, १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळवता यावी. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला कारण त्यात चुंबकीय गुण नाही, आमच्या काळ्या दगडात तो असतो. स्कॉटलंडमधली ती वस्ती आणि आमचं अलिबाग, दोघांचं एकच कारण आणि काळही जवळपास तोच. आजही दोन्हीकडे नोंदी चालू आहेत. तिकडे जाणार असाल तर कुणीतरी फोटो टाका प्लीज.

अभ्रक
वा कुलाबा_किल्ला, ही जोडी कधी डोक्यात आली नव्हती. भर घालतो. १९१३ पासून एस्कडेलम्यूरचा प्रमुख लुईस फ्राय रिचर्डसन होता. हवेचा अंदाज गणिताने, आकडेमोड करून वर्तवता येईल ही कल्पना त्याने तिथे बसून मांडायला घेतली, आज आपण मोबाईलवर बघतो तो सगळा अंदाज त्याच वाटेने निघतो. क्वेकर पंथाचा होता, युद्धात बंदूक धरणार नाही म्हणाला, १९१६ ला वेधशाळा सोडून फ्रान्समध्ये ॲम्ब्युलन्स चालवायला गेला. आणि पावसाचं म्हणाल तर २६ जून १९५३ ला याच ठिकाणी अर्ध्या तासात ८० मिलिमीटर पडला, ब्रिटनमधला अर्ध्या तासाचा तो विक्रम आहे. कोकणातल्या माणसाला सुद्धा हा आकडा दोनदा वाचावा लागेल.

त्याच गावात साम्ये लिंग हा तिबेटी बौद्ध मठ पण आहे, १९६७ पासून. स्कॉटलंडच्या ओल्या माळावर मध्येच सोनेरी कळसाचं मंदिर आणि प्रार्थनेच्या पताका. आत जाता येतं.

ग्लासगोकर
लँगहोमला जायचं तर जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी जा, कॉमन रायडिंगला. बॉर्डर्समधल्या, म्हणजे हद्दीलगतच्या या भागातल्या, बऱ्याच गावांत हा प्रकार असतो, हॉइक, सेलकर्क, लॉडर, पण लँगहोमचं माझं आवडतं. गावाच्या सामाईक जमिनीच्या हद्दी फिरून बघायच्या आणि खुणा ताज्या करायच्या, हे मूळ. लँगहोममध्ये गावकऱ्यांचे सामाईक हक्क १७५९ मध्ये कोर्टाने ठरवून दिले, आधी कुणीतरी पायी हद्द फिरायचा, १८१६ पासून घोड्यावरून.

पहाटे बासऱ्यांचा बँड वाजवत गाव उठवतात. मग कॉर्नेट, म्हणजे त्या वर्षी निवडलेला तरुण, झेंडा घेतो, आणि त्याच्या मागे शंभरावर घोडे त्या उभ्या गल्लीतून (चाफाने लिहिलीये तीच) व्हिटाकडे दौडत सुटतात. गल्लीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून माणसं उभी, घोडे हातभर अंतरावरून जातात, खाली दगडावर नालांचा आवाज असा घुमतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गावात जत्रेची घोषणा करणारा माणूस घोड्याच्या पाठीवर चक्क उभा राहून जुन्या स्कॉट्स बोलीत ती म्हणतो. मिरवणुकीत चार वस्तू उंच धरतात. हेदरने सजवलेलं फावडं, हद्दीची माती उकरायला. माणसापेक्षा उंच काटेरी थिसल. गुलाबांचा मुकुट. आणि लाकडी ताटलीवर बार्लीची जाड भाकरी, तिच्यावर खारवलेला हेरिंग मासा, दोन्ही मिळून एका मोठ्या खिळ्याने ठोकलेले! जमीनदाराच्या गिरणीच्या आणि मासेमारीच्या हक्काची ती खूण मानतात. लहान मुलं हेदरचे खराटे घेऊन चालतात आणि त्यांना नाणं मिळतं. कॉर्नेटच्या पट्ट्याचे रंग दरवर्षी बदलतात, त्या साली एप्सम डर्बी ही घोड्यांची शर्यत जिंकलेल्या जॉकीचे जे रंग ते. हे सगळं पर्यटकांसाठी नाही, गावातून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेलेले लोक त्या आठवड्यात परत येतात.

निळी_शाई
ग्लासगोकर, खिळा ठोकलेल्या माशाचं वाचून आता जायलाच हवं.

मी पुस्तकांचं सांगते. टेलफर्ड मुलगा असताना लँगहोममधल्या मिस पास्ली नावाच्या बाईंनी त्याला आपल्या घरची पुस्तकं वाचायला दिली. पुढे तो एवढा मोठा इंजिनियर झाला, १८३४ ला गेला, वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला, तेव्हा मृत्युपत्रात लँगहोम आणि वेस्टरकर्क या दोन्ही ठिकाणच्या वाचनालयांना पैसे ठेवून गेला. वेस्टरकर्कचं वाचनालय १७९३ मध्ये अँटिमनीच्या खाणीतल्या कामगारांनी सुरू केलेलं, खाणमजुरांनी! अजून आहे बेंटपाथला.

आणि लँगहोमच्या वाचनालयाच्या इमारतीत खाली पोस्ट होतं, तिथल्या पोस्टमनचा मुलगा क्रिस्टोफर ग्रीव्ह वरची पुस्तकं टोपलीत भरभरून खाली नेऊन वाचायचा. तोच पुढे ह्यू मॅकडर्मिड नावाने विसाव्या शतकातला स्कॉटलंडचा सगळ्यात मोठा कवी झाला. बाईंनी दिलेलं पुस्तक, त्यातून टेलफर्ड, त्याच्या पैशातून वाचनालय आणि त्या वाचनालयातून कवी, ही साखळी मला फार आवडते. गावाचं आणि कवीचं मात्र जमलं नाही, त्याची राजकीय मतं आणि फटकळ जीभ लोकांना सोसली नाही. गावाने पहिलं मानाचं नागरिकत्व दिलं ते १९७२ मध्ये नील आर्मस्ट्राँगला, चंद्रावरच्या, कारण तो या घराण्याचा. त्या समारंभात आर्मस्ट्राँग गावात सापडला तर फाशी द्यावी असा जुना कायदा वाचून दाखवला होता. मॅकडर्मिड तेव्हा जिवंत होता, १९७८ ला गेला, लँगहोमच्याच दफनभूमीत आहे. त्याचं स्मारक आता व्हिटाच्या बाजूला आहे, उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं पोलादी. त्याच्या हयातीत गावाने त्याला मान द्यायला हवा होता असं माझं मत आहे.

वाईकर
लॉडरचं नाव आलं म्हणून. विल्सन कॉलेजवाले डॉ. जॉन विल्सन लॉडरचे, जन्म १८०४. १८२९ ला मुंबईत आले आणि १८३२ मध्ये शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या त्याही त्याच काळात. म्हणजे माल्कम गव्हर्नर असतानाच विल्सन मुंबईत उतरले, दोघंही बॉर्डर्सचे.

सायली_टेकडी
लॉडरहून मेलरोज जवळ आहे ना? तिथला पडका मठ बघितलाय मी, ११३६ चा. राजा रॉबर्ट ब्रूसचं हृदय तिथे पुरलंय, शिशाच्या डबीत. १९९६ मध्ये पुन्हा सापडली, १९९८ ला परत पुरली. छताच्या कडेला बॅगपाइप वाजवणारं दगडी डुक्कर शोधा, मुलांना फार आवडतं.

चाफा
किती भर घातलीत सगळ्यांनी, कुलाबा_किल्ला तुमची प्रतिक्रिया तर वेगळ्या धाग्याच्या लायकीची आहे, लिहाच.

ग्लासगोकर यांनी सामाईक जमिनीचं लिहिलं, त्याला जोडून आजची गोष्ट. गावाच्या भोवतालचा माळ पिढ्यानपिढ्या बक्लू घराण्याच्या ड्यूकचा, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. इस्टेटीने तो विकायला काढला तेव्हा गावाने स्वतः घ्यायचं ठरवलं. एवढ्याशा गावाकडे कुठले पैसे, पण देशभरातून वर्गणी आली, संस्थांनी मदत केली आणि मार्च २०२१ मध्ये ५,२०० एकर ३८ लाख पौंडांना घेतले, २०२२ मध्ये आणखी ५,३०० एकर २२ लाखांना. आता त्याला टॅरस व्हॅली नेचर रिझर्व्ह म्हणतात. हेन हॅरियर हा दुर्मिळ शिकारी पक्षी तिथे घरटी करतो, दलदलीचं पीट (कुजलेल्या वनस्पतींचा थर) परत ओलं करायचं काम चालू आहे, नदीकाठाने देशी झाडं लावतायत. आपल्याकडे गायरानं एकेक करून जाताना बघितलेल्या माणसाला हे वाचून हुरूप येतो, मला तरी येतो.

मेतकूट, आता तुमचं. लंडन यूस्टनहून कार्लाइलला थेट ट्रेन आहेत, साडेतीन तासांच्या आसपास. कार्लाइलला मुक्काम करा, हॉटेलं स्वस्त पडतात आणि स्टेशनपासून जवळच किल्ला-कॅथीड्रलचा भाग आहे, चालत होतो. तिथून लँगहोमला बस आहे, रविवारी मात्र फेऱ्या कमी असतात तेव्हा रविवार टाळा. गावात नदीकाठाने कॅसलहोमचा सपाट रस्ता आहे, जुनी मोठी झाडं, बाकं आहेत, सत्तरीच्या माणसांना काही त्रास नाही. व्हिटावर गावातून चढू नका, फार उभं आहे. त्याऐवजी न्यूकॅसलटनच्या रस्त्याने टॅक्सी करून मॅकडर्मिडच्या स्मारकापर्यंत जा, तिथून स्तंभाकडे जायला कच्चा रस्ता आहे आणि चढ बराच कमी. टॅक्सी परतीसाठी आधीच ठरवून ठेवा, वर उभ्या नसतात आणि मोबाईलला रेंज जाते-येते. वारा जूनमध्येही बोचरा असतो, आईबाबांना कानटोपी द्या. गिलनॉकीचा मनोरा उघडा आहे का ते आधी फोन करून विचारा, आतला जिना बाबांना झेपेलसा वाटत नसेल तर बाहेरून बघा आणि खाली नदीपर्यंत जाऊन या. एस्कडेलम्यूरला बसच्या भरवशावर जाऊ नका, त्यासाठी अख्ख्या दिवसाची गाडी लागेल.

मेतकूट
खूप खूप आभार चाफाताई. बाबा इतिहासाचे मास्तर होते, माल्कमचं वाचून दाखवलं तर म्हणाले स्तंभापर्यंत जाणार म्हणजे जाणार. टॅक्सीचं ठरवते. कुलाबा_किल्ला, दिवसभराची गाडी मिळाली तर एस्कडेलम्यूर करू आणि वेधशाळेचे फोटो इथेच टाकीन.